सांडवा

वायुमापकाचा भोंगा ठणाणा वाजत होता आणि यशोधरा ओव्हाळ मांडीभर मैल्यात उभी राहून अंजिरामावशीला विचारत होती, "मग बारशाला जेवायला काय केलं होतं?"

"पुरणपोळी केली, येळवणीची आमटी केली. पोराच्या आत्यानं पातेलंभर खीर आणली." अंजिरामावशीनं समोरच्या गाळाच्या भिंतीत पहार घातली. "आगं, तो भोंगा बंद कर की. कान किटले माझे."

"तो वरून बंद करतात मावशी. आपल्या हातात नाही."

वर, भिवरानगरच्या चौकात, निरीक्षक मुखवटा लावून मॅनहोलपासून चांगला लांब उभा होता. खालच्या हवेत हायड्रोजन सल्फाइड इतका साचला होता की साधा माणूस दोन श्वासांत कोसळला असता. या दोघी सकाळपासून तिथं होत्या. डोळ्यांना चष्मे, हातांत जाड मोजे आणि नाकातोंडावर काही नाही. चौकातून जाणाऱ्यायेणाऱ्यांनाही याचं आता नवल वाटत नसे.

सडक्या अंड्याच्या वासाचा हा वायू माणसाला मारतो तो मोठ्या कपटानं. आपल्या प्रत्येक पेशीत तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म वीजघरांची दाटी असते. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तिथल्या पटलातून, धरणाचं पाणी उतरावं तसे, पायरीपायरीनं खाली येतात. जवळजवळ प्रत्येक पायरीवर जणू एक चक्की फिरते आणि तिच्यातून पेशीला ऊर्जा मिळते. अगदी शेवटी एक दरवाजा असतो. तो म्हणजे एक विकर, पेशीतली रासायनिक कामं घडवून आणणारं एक प्रथिन. आलेला इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या हवाली करणं हे त्याचं काम. गटारातला वायू नेमका या दरवाजात जाऊन अडकतो. दरवाजा बंद झाला की पाणी तुंबतं आणि चक्क्या थांबतात. छातीत हवा असते, रक्तात ऑक्सिजन असतो, तरीही माणूस गुदमरून मरतो.

पण त्याच गटारात जिवाणू सुखानं नांदतात. आपल्या आतड्यातही नांदतात. त्यांच्यातल्या अनेकांच्या पटलात आणखी एक विकर असतं, सायटोक्रोम बीडी नावाचं. विषारी वायूला ते भीक घालत नाही, आणि आसपास ऑक्सिजनचा नुसता मागमूस असला तरी तो ओढून घेतं. धरणाचा मुख्य दरवाजा अडकला की पाणी सांडव्यावरून निघून जातं, तसंच हे. सांडव्यावर चक्क्या नसतात, म्हणून ऊर्जा कमी मिळते आणि बरीचशी उष्णता बनून वाया जाते. पण धरण फुटत नाही.

डॉ. हेमांगी दातार यांनी या विकराचा जनुक माणसाच्या तंतुकणिकांत बसवून दाखवला. शहरातली गटारं सांभाळणाऱ्या 'निर्मळधारा' कंपनीनं त्या इंजेक्शनाला नाव दिलं 'प्राणकवच'. वस्तीतले लोक त्याला नुसतं 'सांडवा' म्हणत.

यशोधराचा थोरला भाऊ राजरत्न गटारात गुदमरून मेला तेव्हा ती बारावी होऊन नोकरी शोधत होती. त्याला काढायला उतरलेले दोघेही त्याच्या शेजारीच मिळाले. वर्ष उलटायच्या आत दातारबाई वस्तीत आल्या आणि समाजमंदिरात उभ्या राहून म्हणाल्या, "यापुढं एकही माणूस असा जाणार नाही." त्यांचा आवाज भरून आला होता, आणि ते नाटक नव्हतं. पहिल्या दिवशी इंजेक्शन घेणाऱ्यांत यशोधरा होती.

शब्द खरा ठरला. गटारातल्या मृत्यूंचा आकडा शून्यावर आला. मग हळूहळू बाकीच्या गोष्टीही शून्यावर आल्या. गाळ उपसणारी यंत्रं भंगारात गेली, कारण माणसं स्वस्तात उतरत होती. हवा खेळवणारे पंखे बंद पडले ते कुणी दुरुस्त केले नाहीत. ऑक्सिजनची नळकांडी लिलावात निघाली. पूर्वी बायका मॅनहोलपाशी येत त्या फक्त प्रेतं ओळखायला. आता त्याही उतरू लागल्या आणि कंपनीनं याला समानता म्हटलं. कवचधारी माणसांना सतत भूक लागे. त्यांची अंगं तापल्यासारखी गरम असत, घरी आल्यावर जिना चढताना दम लागे. पण मेलं कुणीच नाही. मग तक्रार करायची तरी कशाची?

यशोधराला पाचवा महिना लागला तेव्हा तिला दातारबाईंच्या प्रयोगशाळेत बोलावणं आलं. रक्त काढायला बाईंची मुलगी मैत्रेयी होती. नुकतीच डॉक्टर झालेली, आईच्याच हाताखाली काम करणारी. सुई काढताना ती हळूच म्हणाली, "तुमचं मनगट किती गरम आहे हो."

"थंडीत नवरा खूश असतो," यशोधरा म्हणाली. मैत्रेयी हसली. दातारबाई मात्र हसल्या नाहीत.

"यशोधरा, बस. तुला एक समजावून सांगायचंय." त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "कवच आम्ही तंतुकणिकांत बसवलं. ते स्त्रीबीजापर्यंत जाणार नाही असा आमचा हिशेब होता. तो चुकला."

"म्हणजे?"

"बाळाला तंतुकणिका मिळतात त्या फक्त आईच्या बीजातून. बापाच्या शुक्राणूतल्या टिकत नाहीत. तुझ्या बाळात सांडवा आलाय."

यशोधराचा हात आपोआप पोटावर गेला. "बाळ बरं आहे ना?"

"अगदी ठणठणीत. मुलगी आहे की मुलगा, ते मी सांगणार नाही. पण मुलगी असली तर तिच्याकडून तिच्या मुलांकडं जाईल, त्यातल्या मुलींकडून पुढं. आईकडून लेकीकडं, लेकीकडून नातीकडं."

"किती पिढ्या?"

"थांबायला काही कारण नाही."

बाई घाईघाईनं पुढं बोलल्या. यावर त्यांनी उतारा तयार केला होता. बदललेल्या तंतुकणिका तेवढ्या शोधून मारणारं औषध. नव्यानं इंजेक्शन घेतलेल्या माणसावर ते पहिल्या काही आठवड्यांतच चालतं. यशोधराच्या अंगात आता बहुतेक सगळ्याच तंतुकणिका बदललेल्या होत्या, तिच्यावर उपयोग नव्हता. पण बाळात जुन्या आणि नव्या दोन्ही होत्या. नाळेतून औषध देता येईल. थोडा धोका होता.

"कसला धोका?"

"बाळ राहणार नाही, असा. फार नाही. पण आहे."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर ते जन्मतःच कवच घेऊन येईल."

"त्यानं बाळाचं वाईट काय होणार?"

दातारबाईंनी चष्मा काढून पुसला. "शरीराचं म्हणशील तर काहीच नाही. भूक जास्त लागेल. अंग गरम राहील."

"मग उतारा कशावर देताय तुम्ही?"

बाई चष्मा पुसतच राहिल्या. यशोधराचा आवाज चढला तसा टेबलापाशी उभ्या असलेल्या मैत्रेयीनं हातातली नळी खाली ठेवली.

"समाजमंदिरात बोलताना तुमचा आवाज भरून आला होता, मी पाहिलंय. म्हणून बोलते. माणसं मरत होती, तर तुम्ही माणसंच बदललीत. गटार आहे तिथंच राहिलं. आजवर आमची जात कागदावर होती डॉक्टर, कागद फाडता तरी येत होता. तुम्ही ती पेशीत नेऊन ठेवलीत."

"माझा हेतू..."

"हेतू चांगला होता. मला माहीत आहे. म्हणून तर भीती वाटते."

घरी नवऱ्याशी, सुधनशी, तिचं दोन दिवस बोलणं चाललं. सुधन टेम्पो चालवायचा, मोजकं बोलणारा माणूस. त्याला बाळ गमावायचं नव्हतं, आणि बाळानं गटारात उतरावं हेही नको होतं. शेवटी तो म्हणाला, "तुझ्या पोटात आहे. तू ठरव. मी दोन्हीकडं तुझ्याबरोबर." यशोधराला त्याचा राग आला, कारण तिला कुणीतरी ठरवून द्यायला हवं होतं.

ते ठरवून दिलं ते निर्मळधारा कंपनीनं.

कंपनीचे मुख्य अधिकारी पराग शिंत्रे यांनी सगळ्या कवचधारी कामगारांना सभागृहात बोलावलं. यशोधरासारख्या आणखी काही गरोदर बायका होत्या, त्यांना पुढच्या रांगेत बसवून ओट्या भरल्या. शिंत्रे गोड बोलायचे. "निसर्गानंच आपल्या कामावर मोहोर उठवली आहे. ही बाळं जन्मतःच वरदान घेऊन येतायत. आम्ही त्यांना 'जन्मकवच' म्हणणार आहोत. कंपनीतर्फे त्यांचं सगळं शिक्षण फुकट, घर, औषधपाणी. आणि अठरा पूर्ण झाली की नोकरी पक्की. आजच्या जगात कुठल्या बाळाची नोकरी जन्माआधी पक्की असते, सांगा बरं?"

टाळ्या झाल्या. काही मनापासूनच्या होत्या. यशोधरा ओटीतला नारळ हातात घेऊन उभी राहिली.

"साहेब, हे वरदान आहे ना?"

"अर्थात."

"मग आम्हालाच का? सगळ्यांना द्या. आगीत, धुरात, भुयारात, कुठंही माणूस गुदमरतो. तुमच्या घरी टोचा, आयुक्तांच्या नातवंडांना टोचा. शहरातलं एक पोर सोडू नका. सगळ्यांची पोरं सारखी झाली की मग बघू गटारात कोण उतरतं ते."

शिंत्रे हसले. "कल्पना चांगली आहे ताई, पण..."

"पण नाही. एकतर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही. कुणालाच नको असेल तर यंत्रं आणा, पंखे लावा आणि ही इंजेक्शनं बंद करा. तोवर आम्ही उतरत नाही."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. मागून अंजिरामावशीचा आवाज आला, "मी बी न्हाई उतरत. माझी पोरगी बी पोटुशी हाय." मग एकेक खुर्ची वाजू लागली.

कंपनीला वाटलं, दोन दिवसांत भूक यांना खाली उतरवील. कवचधारी माणसाची भूक काय असते हे कंपनीला चांगलं ठाऊक होतं. पण वस्तीनं चुली एकत्र केल्या. समाजमंदिरात मोठ्या पातेल्यांतून पिठलं शिजू लागलं, घरोघरच्या भाकऱ्या गोळा होऊ लागल्या. सुधन टेम्पोतून बाजारातली उरलेली भाजी आणी. खाली मात्र गटारं तुंबत गेली. पंखे बंद असल्यानं वायू पूर्वीपेक्षा दाट साचला होता, आणि नळकांडी लिलावात निघाल्यानं दुसरं कुणी उतरू शकत नव्हतं. अग्निशमन दलाच्या जवानांनी एकदा प्रयत्न केला आणि निम्म्यातून परत आले. पाणी आधी जुन्या पेठेत वर आलं. मग नदीकाठच्या उंच इमारतींच्या संगमरवरी न्हाणीघरांत आलं, आणि तेव्हा आयुक्तांनी बैठक बोलावली.

बैठकीला आयुक्त होते, शिंत्रे होते, तज्ज्ञ म्हणून दातारबाई होत्या. त्यांच्या मागं भिंतीला टेकून मैत्रेयी उभी होती. यशोधराला आता आठवा महिना होता. तिला खुर्ची दिली गेली, पण ती बसली नाही.

"सगळ्या मुलांना इंजेक्शन?" आयुक्त म्हणाले. "बाई, काहीतरी व्यवहार्य बोला. लहान मुलांवर परिणाम काय होईल कुणाला ठाऊक?"

"इतकी वर्षं तुम्हीच सांगताय ना, दुष्परिणाम नाहीत म्हणून? शहरभर फलक लावलेत."

"डॉक्टर," आयुक्त वळले, "सुरक्षित आहे की नाही?"

दातारबाईंनी समोरचे कागद सरळ केले. नाही म्हणावं, तर त्यांनी शेकडो माणसांना काय टोचलं होतं? "सुरक्षित आहे," त्या म्हणाल्या.

"मग अडचण कसली?" यशोधरानं विचारलं.

"अहो, पण आमच्या मुलांना त्याची गरजच काय?" हे शिंत्रे बोलले. बोलून गेले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की खोलीत सगळ्यांनी ते ऐकलंय. मैत्रेयी आईकडं पाहत होती. आई टेबलाकडं पाहत होती.

मागणी बाहेर फुटली आणि शहर हादरलं. आईबापांचे मोर्चे निघाले. 'गटारी श्वास आमच्या लेकरांना नको' असे फलक घेऊन माणसं महापालिकेसमोर उभी राहिली. त्यांत यशोधराच्या शाळेतल्या एक बाईही होत्या. कालपर्यंत जे वरदान होतं, ते आपल्या दारात येतंय म्हटल्यावर रोग झालं. आणि जी यंत्रं परवडत नव्हती, ती महिना व्हायच्या आत आली. पिवळ्या रंगाचे गाळउपसे, मॅनहोलमधून सापासारखे सरकणारे यांत्रिक हात, नव्या पंख्यांच्या गाड्या. इंजेक्शन थांबवल्याचा ठरावही झाला. संप जिंकला. वस्तीत ढोल वाजले आणि अंजिरामावशी त्या वयात भर रस्त्यात फुगडी खेळली.

यशोधराला मुलगी झाली. तिनं उतारा घेतला नाही. लोकांना ती सांगे, "माझ्या लेकीच्या श्वासात खोट नाही, मग औषध कशाचं?" म्हणताना मान ताठ असायची. पण बाळाला पाजताना, ते इवलंसं अंग निखाऱ्यासारखं उबदार लागलं की तिच्या मनात येई, हिच्यासाठी आपण लढलो, की आपल्या लढाईसाठी हिला असं ठेवलं? यंत्रं उद्या पुन्हा भंगारात जाऊ शकतात. शहराला ठाऊक आहे, ही मुलगी गटारात मरणार नाही. दवाखान्यातली परिचारिका बाळाला घेण्याआधी मोजे चढवी, तेव्हा यशोधरा तिचे मोजे काढायला लावी. परिचारिका ते काढी, पण दर खेपेला सांगावं लागे.

मुलीचं नाव उत्पला ठेवलं. ती तीन महिन्यांची झाली तेव्हा एका दुपारी दातारबाई जिना चढून वर आल्या. त्यांच्या केसांना कित्येक दिवसांत रंग लागला नव्हता. यशोधरानं पाणी दिलं. त्यांनी पेला हातात धरला, पण प्यायल्या नाहीत.

"मैत्रेयीनं इंजेक्शन घेतलं."

यशोधराला आधी कळलंच नाही. "कसलं?"

"प्राणकवच. नष्ट करायला ठेवलेल्या साठ्यातलं. स्वतःच्या हातानं टोचून घेतलं. दोन आठवडे झाले, मला काल सांगितलं." बाईंचा आवाज कापत होता. "म्हणते, त्या बैठकीत तू खाली पाहत होतीस तेव्हाच ठरवलं. म्हणते, सगळ्यांना नाही तर निदान आपल्या घरात तरी. तिच्या दोन मैत्रिणींनीही घेतलंय. तिघींची लग्नं व्हायची आहेत अजून."

यशोधरा बाळाला घेऊन खाली बसली. मांडीवर उत्पला चुळबुळत होती. आनंद व्हावा असं काही तिला वाटलं नाही. मैत्रेयीचं मनगटही आता असंच गरम लागत असेल, एवढंच मनात आलं.

"उतारा अजून चालेल," दातारबाई म्हणाल्या. "थोडेच दिवस उरलेत. माझं ती ऐकत नाही. तुमचं ऐकेल. तुम्ही सांगा तिला. हात जोडते मी."

"काय सांगू?"

"उतारा घे म्हणावं."

"ती विचारेल, का? मी काय सांगू?"

"तिला मुलं होतील उद्या..."

"होऊ देत की."

"त्यांच्यात जाईल ते. आणि मग त्या मुलांना लोक..." बाई थांबल्या. त्यांची नजर उत्पलावर गेली. बाळ टक्क डोळ्यांनी त्यांच्याकडंच बघत होतं.

"लोक काय?" यशोधरानं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच ऐकायचं होतं. हे वाक्य इतकी वर्षं शहरात कुणी पूर्ण केलं नव्हतं, आयुक्तांनी नाही, शिंत्र्यांनी नाही. "बोला डॉक्टर. तुम्हाला जे वाटतं ते जसंच्या तसं सांगा. पटलं तर मी आत्ता, या पावली, मैत्रेयीकडं येते आणि तिच्या पाया पडून तिला उतारा घ्यायला लावते. पण ते हिच्या तोंडावर सांगा."

तिनं उठून उत्पलाला बाईंच्या मांडीवर ठेवलं.

दातारबाईंनी पेला बाजूला सारून बाळाला सावरलं. साडीतून, हातांतून, त्या छोट्या देहाची ऊब त्यांना लागली. ती त्यांनीच घडवलेली होती, जगातल्या कुणाहीपेक्षा त्यांना ती जास्त कळत होती. त्यांचे ओठ हलले. खालच्या रस्त्यावरून पिवळं यंत्र घरघरत गेलं तसं बाळ दचकलं आणि त्यांच्या बोटाला घट्ट धरून राहिलं.

यशोधरा समोर उभी होती, पदर खोचून, उत्तराची वाट पाहत.